सीडी-फोर खाली आला, म्हणजे गोळ्या लागू पडत नाहीत का?

मागच्या भागानंतर एका ताईंनी हाच प्रश्न विचारला, म्हणून आज माझेच रिपोर्ट तुमच्यासमोर ठेवतो.

एचआयव्हीचे उपचार सुरू झाले तेव्हा माझा सीडी-फोर 210 होता. सहा महिन्यांनी 412. त्या दिवशी घरी शिरा झाला! पुढच्या सहा महिन्यांनी मात्र 338. रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला, बायकोलाही दाखवला नाही. औषध संपलं आपलं, असं धरून चाललो आणि दोन रात्री गोळी घेतलीच नाही.

आठवड्याने व्हायरल लोडचा रिपोर्ट आणायला एआरटी सेंटरवर गेलो. त्यावर विषाणू सापडतच नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "रक्त दिलं तेव्हा तब्येत कशी होती?" तीन दिवस ताप होता. शिवाय रक्त सकाळी आठला दिलेलं, आधीच्या वेळी दुपारी.

सीडी-फोर पेशींचा अगदी थोडा वाटा रक्तात फिरतो, बाकीच्या शरीरातल्या गाठींमध्ये असतात. सकाळी रक्तातला आकडा कमी असतो, संध्याकाळी वाढतो. तापाने, स्टिरॉइडनेही तो हलतो. त्यामुळे साधारण तीस टक्क्यांच्या आतला फरक एकाच रिपोर्टवरून खरी घसरण मानत नाहीत. माझा फरक अठरा टक्के होता.

औषध काम करतंय का, हे सांगतो व्हायरल लोड. तोही कधी एखाद्या वेळी 20 वरून 120 होतो आणि पुढच्या तपासणीत पुन्हा खाली येतो. आपल्या सरकारी केंद्रांत 1000 च्या वर गेला तर गोळ्या नीट घेतल्या जातात का ते विचारतात, समुपदेशन करतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासतात. लगेच औषध बदलत नाहीत.

क्रिएटिनिनचंही सांगून टाकतो, कारण ते वाढलं की लोक किडनी गेली म्हणून रडतात. डोल्युटेग्रॅविरमुळे ते पहिल्या काही आठवड्यांत जरासं वाढतं आणि तिथेच थांबतं. हे औषध क्रिएटिनिन लघवीत टाकण्याची एक वाट अडवतं. किडनीची गाळणी शाबूत असते. पण चढतच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. सोबतच्या टेनोफोविरचा किडनीवर खरोखर परिणाम होऊ शकतो.

आणि ॲसिडिटीचं औषध! मी जेवणानंतर ॲसिडिटीची पांढरी गोळी चघळायचो आणि लगेच एआरटीची गोळी घ्यायचो. अशा ॲसिडिटीच्या गोळीने डोल्युटेग्रॅविर शरीरात नीट शोषलं जात नाही. एआरटीची गोळी तिच्या दोन तास आधी घ्या, नाहीतर सहा तासांनंतर. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सेंटरवर सांगा.

माझा पुढचा सीडी-फोर 455 आला, त्यानंतरचा 430. त्या दोन रात्रींचं समुपदेशक ताईंना सांगायला मात्र मला चार महिने लागले.