घरचें लेखन आणि नवें यंत्र

दागिना चोरीस गेला तर डबा रिकामा दिसतो आणि घरांत लगेच ओरड होते. लेखनाची गोष्ट निराळी आहे. कथा, कविता किंवा चित्र कोणीं उचललें, तरी वही जागच्या जागींच असते; म्हणून आपलें कांहीं गेलें हें पुष्कळदां कळतच नाहीं. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांनीं हा प्रश्न आतां सुशिक्षित कुटुंबांच्या माजघरापर्यंत आणून ठेविला आहे.

आमच्या सूनबाई मुलांसाठीं गोष्टी लिहितात. गेल्या वर्षीं एका संस्थेनें त्यांच्या बारा गोष्टी मागवून करारपत्र धाडलें. "मामंजी, सही करण्यापूर्वीं एकदां नजर घालतां का?" असें म्हणून त्यांनीं तें आमच्या हातीं दिलें. एका कलमांत बारीक अक्षरांनीं लिहिलें होतें कीं, हें लेखन यंत्रांच्या शिक्षणासाठीं कायमचें वापरण्याचा, व तसा हक्क इतरांस देण्याचाहि, अधिकार संस्थेस राहील. मोबदला मात्र एकदांच. तें कलम वगळावें असें आम्हीं सुचविलें. संस्थेनें नकार दिला. सूनबाईंनीं गोष्टी परत घेतल्या. त्या पैशांतून नातवाची वर्षाची फी भरावयाची होती. सल्ला आमचा आणि तोटा त्यांचा, ही टोचणी लागून राहिल्यामुळें आम्हीं हा विषय खोलांत जाऊन पाहिला.

हीं यंत्रें कोट्यवधि पानें मजकूर चाळतात आणि कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचीं गणितें सांठवितात. पुस्तक कपाटांत ठेवावें तसें तें तेथें राहत नाहीं. दुधांत विरघळलेली साखर वेगळी काढतां येत नाहीं. त्याप्रमाणें गणितांत मिसळलेलें लेखन मागाहून काढून घेणें अतिशय अवघड. म्हणून काळजी आधींच घ्यावयास हवी.

आपल्या साहित्यशास्त्रास हा वाद अगदींच नवा नाहीं. आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: आरशांतील प्रतिबिंबासारखें, चित्रासारखें, आणि दोन देहधारी व्यक्तींत असतें तसें. पहिलीं दोन त्याज्य. तिसरें ग्राह्य, कारण तेथें दुसऱ्या काव्यासहि स्वतःचा आत्मा असतो. पुढें राजशेखरानें 'काव्यमीमांसें'त शब्दहरण व अर्थहरण यांची विस्तृत चर्चा केली. विद्या दिल्यानें वाढते, हें आम्ही जन्मभर मुलांस शिकवीत आलों. परंतु विद्यार्थी गुरूचें नांव सांगतो, यथाशक्ति दक्षिणाहि देतो. यंत्राचा मालक दोन्ही न करतां त्याच गुरूच्या दारासमोर दुकान मांडतो. आमची तक्रार एवढीच आहे.

न्यायालयांचा कौल अद्याप एकमुखी नाहीं. जून २०२५ मध्यें अमेरिकेंतील एका न्यायाधीशांनीं, ग्रंथांवर यंत्र शिकविणें हा रास्त उपयोग, पण चोरट्या प्रतींचा संग्रह करून ठेवणें रास्त नव्हे, असा निर्णय दिला. त्या खटल्यांतील अँथ्रॉपिक कंपनीनें पुढें तडजोडीनें दीडशें कोटि डॉलर देण्याचें मान्य केलें. दर पुस्तकामागें सुमारें तीन हजार डॉलर. मात्र लाभ मिळाला तो अमेरिकेंत मुदतींत नोंदलेल्या पुस्तकांसच. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्यें एएनआय या वृत्तसंस्थेनें ओपनएआय कंपनीविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयांत दावा लाविला.

आतां आपल्या घरापुरतें काय करावें? १९५७ च्या कायद्याप्रमाणें लेखन कागदावर उतरतांच त्याचें स्वामित्व लेखकाकडे येतें आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षें वारसांकडे राहतें. नोंदणीची सक्ती नाहीं. पण नोंद ही न्यायालयांत प्रथमदर्शनीं पुरावा मानली जाते, व साहित्यकृतीस तिची फी अवघी ५०० रुपये आहे. हक्क लिहून देतांना मुदत घातलीच नसेल, तर ती पांच वर्षांची धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनें तर असें ठरविलें कीं, करारसमयीं अस्तित्वांत किंवा व्यापारी वापरांत नसलेल्या माध्यमाचा हक्क स्पष्ट उल्लेखावांचून करारांत येत नाहीं. म्हणून "सर्व माध्यमें, सर्व काळ" असे शब्द दिसले कीं सही करणारा हात थांबवावा.

स्वतःचें संकेतस्थळ असल्यास यंत्रांच्या हेरांस मज्जाव करणारी सूचना तेथें लावतां येते. ती पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य असेल तोच ती मानतो. घरांत कोणी चित्रकार असेल, तर शिकागो विद्यापीठांतील संशोधकांनीं २०२३ मध्यें काढलेलें 'ग्लेझ' हें साधन चित्रांत डोळ्यांस सहसा न जाणवणारे फेरफार करून त्याची शैली यंत्रास सहजीं उचलूं देत नाहीं. तेंहि अभेद्य कवच नव्हे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे एका वहींत कोणतें लेखन कोठें, केव्हां व कोणत्या अटींवर दिलें याची नोंद ठेवणें, आणि वडिलांचीं जुनीं करारपत्रें रद्दींत न घालणें.

सूनबाईंच्या बारा गोष्टी आम्हीं एका संग्रहाच्या रूपानें नोंदणीस पाठविल्या आहेत. त्याची फी आम्हीं भरली. नातवाची फीहि यंदा आमच्या पेन्शनींतून गेली. तोटा भरून आला असें आम्ही म्हणत नाहीं. गोष्टी मात्र घरच्याच राहिल्या.