रांगेतला रोजा

असरची नमाज झाली की सोलापुरात विजापूर वेशीकडे जाणारी पावलं झपाझप पडू लागतात. रमजानमध्ये इथे मीना बाजार भरतो. खजूर, फळं, शेवया, अत्तर, टोप्या, बांगड्या यांची दुकानं लागतात. पण पाचनंतर सगळ्यात लांब रांग दिसते ती पट्टी समोशाच्या गाड्यापुढे. दहा-वीस रुपयांत कागदाची गरम पुडी हातात पडते, म्हणून इथे सगळेच येतात. यंत्रमागावरून सुटलेला कामगार, विड्या कारखान्यात देऊन परतणारी बाई, कॉलेजची पोरं, रिक्षावाला. रांगेत दखनी ऐकू येते, मराठी येते, तेलुगू आणि कन्नडही. यातल्या प्रत्येकाचा रोजा असतोच असं नाही.

एरवीच्या रांगेत नंबर लागला की काम झालं. या रांगेला मात्र वेळेची हद्द आहे. मगरिबची अजान कुणासाठी थांबत नाही. लवकर घेऊन ठेवावा तर समोसा मऊ पडतो, उशीर करावा तर दस्तरखान त्याच्याशिवाय मांडला जातो. म्हणून सगळे एकाच अर्ध्या तासात येतात. कढई एकच, आणि एका घाण्यात मावतील तेवढेच समोसे निघणार.

या समोशाचा प्रवास मोठा आहे. इराण-अरबस्तानात त्याला ‘संबोसा’, ‘संबूसक’ म्हणत. चौदाव्या शतकात दिल्लीला आलेल्या इब्न बतूतानं मुहम्मद तुघलकाच्या मेजवानीतल्या समोशाचं वर्णन लिहून ठेवलं आहे: बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले घातलेलं बारीक मांस, पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेलं. माळव्यातल्या मांडूच्या सुलतानासाठी तयार झालेल्या ‘नेअमतनामा’ या पाकग्रंथातही समोशाच्या कृती आहेत. त्या काळी बटाटा नव्हता, हिरवी मिरचीही नव्हती. दोन्ही पोर्तुगिजांच्या काळात अमेरिकेतून इकडे आल्या. शाही पंगतीतला हा पदार्थ बदाम-पिस्ते मागे ठेवून कांदा, कोथिंबीर, पुदिना आणि मूठभर खिम्यावर किंवा नुसत्या डाळीवर रस्त्यावर उतरला. गरिबाच्या इफ्तारीत तो आला तो असा.

गाड्यावर दिसतं ते फक्त तळणं. खरं काम आधी घराघरांत होतं. मैद्याच्या लाट्यांमध्ये तेल आणि कोरडं पीठ लावून त्या एकत्र लाटायच्या, तव्यावर अर्धवट शेकायच्या, पदर सोडवायचे आणि पट्ट्या कापायच्या. साट्याच्या करंज्या करणाऱ्या घरात ही युक्ती वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. मग पट्टीची त्रिकोणी घडी, आत सारण आणि कडेला मैद्याच्या खळीचं बोट. हे बहुतेक बायकांचं काम, आणि तेही रोजा ठेवून.

तळणाऱ्याचाही रोजा असतो. सारणात मीठ बरोबर पडलं का, हे त्याला चाखून पाहता येत नाही. गरज पडली तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकण्याची सवलत शास्त्रात आहे, पण बरेच जण तीही घेत नाहीत. हाताचा अंदाज, नाहीतर रोजा नसलेला कुणी मदतनीस किंवा शेजारी, यांच्यावरच भिस्त असते.

शेवटची पंधरा मिनिटं कसोटीची. मागून आवाज येतो, “भाई, रोजा है, जरा आगे जाने दो.” कधी त्यावरून शब्दाला शब्द लागतो. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कुणी भांडायला आलं, शिवी दिली, तर ‘मी रोज्यात आहे’ असं म्हणावं, अशी पैगंबरांची शिकवण आहे. हे वाक्य स्वतःला आवरण्यासाठी दिलेलं आहे. समोरच्याला बाजूला सारण्यासाठी नाही. रोजा ही अल्लाह आणि बंद्यामधली बाब. रांगेत तिच्या बदल्यात पुढचा नंबर मागायचा नसतो. रमजानला सब्राचा महिना म्हणतात. सकाळपासून पाण्याचा घोट न घेणाऱ्याचा सब्र पाच माणसं पुढे उभी असताना सुटत असेल, तर रोजा पोटापर्यंतच पोहोचला म्हणायचा.

आणि गंमत अशी की जे मागितल्यावर मिळत नाही, ते न मागता मिळतं. रोजा नसलेला एखादा कामगार घड्याळ बघतो आणि मागच्या म्हाताऱ्या चाचांना म्हणतो, “चाचा, तुम्ही घ्या आधी, मला काही घाई नाही.” रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्याला रोज्याइतकंच पुण्य, असं हदीस सांगते. ती त्या कामगारानं ऐकलेली नसते. तो आपल्या घरच्या वळणानं वागतो.

अजान होते. झारा कढईच्या काठावर टेकतो. तळणारा एक खजूर तोंडात टाकतो, ग्लासभर पाणी पितो, डोळे क्षणभर मिटतो. रांगेत अजून सात-आठ जण उरलेले असतात, बहुतेक रोजा नसलेले. कुणी “लवकर करा” म्हणत नाही. दिवसभर रोजेदारानं वाट पाहिली, आता त्याच्यासाठी दोन मिनिटं बाकीचे थांबतात.