पक्षाघातानंतर ‘गप्प’ झालेला माणूस

पक्षाघात होऊन गेला, हातात थोडी ताकद आली, काठी घेऊन माणूस दारापर्यंत जाऊ लागला की घरच्यांना हायसे वाटते. नेमकी त्याच सुमारास नवी तक्रार सुरू होते. ‘बाबा बोलतच नाहीत. व्यायामाला चला म्हटलं की डोळे मिटून घेतात.’ मग घरात कुणीतरी म्हणतेच, आळशी झालेत!

हा आळस नसतो. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला पुढे नैराश्य येते. परावलंबी झाल्याचे दुःख असतेच. शिवाय भावना आणि उत्साह सांभाळणाऱ्या मेंदूतील जोडण्यांनाही इजा झालेली असते. मोठा झटका न येताही हे घडू शकते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने, मधुमेहाने मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. उतारवयात पहिल्यांदाच आलेल्या नैराश्यामागे कधी कधी तेच असते.

नैराश्यात झोप आणि भूक बिघडते, ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ असे बोलणे येते. पण काही रुग्ण दुःखी नसतातच. ताट पुढे ठेवले तर जेवतात, स्वतःहून मात्र काहीच मागत नाहीत. ही उदासीनता वेगळी, तिचे उपचारही वेगळे. आणखी काहींना क्षुल्लक कारणाने रडू कोसळते किंवा नको तिथे हसू फुटते. ते त्यांच्या हातात नसते, त्यांनाच त्याची लाज वाटते. ज्यांची वाचा गेली आहे ते तर सांगणार कसे? त्यांचे जेवण, झोप, व्यायाम टाळणे यांवरूनच ओळखावे लागते.

मग सगळ्यांनाच आधीपासून गोळ्या द्याव्यात का? ब्रिटनमध्ये तीन हजारांहून अधिक पक्षाघात-रुग्णांना सहा महिने फ्लुऑक्सेटिन किंवा नुसती दिखाऊ गोळी देऊन पाहिले. २०१८ साली निष्कर्ष आले: नैराश्य कमी जणांना आले, पण अपंगत्वात फरक पडला नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले. म्हणजे सरसकट गोळ्या नकोत; निदान झालेल्याला मात्र औषध, समुपदेशन जरूर हवे. कारण मन खचलेला रुग्ण व्यायाम सोडतो, रक्तदाबाच्या गोळ्याही चुकवतो.

पुढच्या तपासणीला जाताना डॉक्टरांना हातापायांबरोबर हेही सांगा, तेही रुग्णाच्या समोर आणि त्याला बोलू देऊन. मरणाची भाषा ऐकू आली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत उपलब्ध आहे. रात्रंदिवस सेवा करून थकलेल्या सुनेने किंवा बायकोने स्वतःसाठी लावला तरी चालतो.