सोळा बटणं, आणि खाली गायब!

वरातीच्या डीजेतून निघून थेट छातीत बसणारा तो 'धम्म' साखऱ्यासारख्या खेड्यात, हिंगोलीत, मुंबईत, सगळीकडे ओळखीचा आहे. १९८२ साली मुंबईत एका माणसाने तसल्याच धम्मवर चक्क तोडी, यमन, मालकंस चढवले होते! चरणजित सिंग हे सिनेसंगीतातले वादक. एचएमव्हीने काढलेली त्यांची तबकडी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. राग दहा, साथीला तबलजी एकही नाही.

त्याच्या जागी रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ठोके देणारं यंत्र. त्यात कुठल्या खऱ्या ढोलाचा आवाज साठवलेला नाही. सर्किटला विजेचा बारीकसा झटका बसतो, ते क्षणभर थरथरतं आणि विझतं. ती थरथर स्पीकरमधून आली की झाला बास ड्रम. पुढ्यात ओळीने सोळा बटणं. जे दाबाल तिथे ठोका. सोळावं संपलं की पुन्हा पहिलं.

सोळा म्हटलं की तीनताल जाणणाऱ्याचे कान टवकारतात. डिस्कोचा ठोका पडतो पहिल्या, पाचव्या, नवव्या, तेराव्या बटणावर. तीनतालाचे विभाग सुरू होतात तेही नेमके याच मात्रांवर. (लयीचा हिशेब वेगळा, हे मान्य.) खरी गंमत नवव्या मात्रेची. तिथे आपली खाली: टाळी नाही, हात उलटा, आणि लवकरच डग्ग्याचा घुमारही थांबतो. तेवढ्यावरून गाणाऱ्याला सम किती लांब आहे ते उमगतं. यंत्राला खाली ठाऊकच नाही. ते नवव्यावरही तितकाच दणका देतं. चक्र फिरत राहतं, पण आपण त्यात कुठे आहोत याचा पत्ता लागत नाही. या तबकडीची झिंग माझ्या मते यातच आहे.

दुसरं यंत्र टीबी-३०३. बास गिटारवाल्याची उणीव भरून काढायला बनवलेलं आणि त्या कामात सपशेल नापास झालेलं. पण त्यात एक सोय होती: स्वर तुटू न देता पुढच्या स्वरावर घसरवायची. मींडेवर वाढलेल्या कानांना ती आवडणारच. अर्थात यंत्राची घसरण दर वेळी एकाच मापाची, सतारियाची तशी नसते.

तबकडी फारशी खपली नाही. १९८७ साली शिकागोतल्या फ्यूचर या गटाने ३०३चे नॉब पिळत 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' काढलं आणि अ‍ॅसिड हाऊस या नृत्यसंगीताचा बोलबाला झाला. २०१० मध्ये सिंगांची तबकडी नेदरलँड्समधून पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे लोक चक्रावले: असलाच आवाज मुंबईत, पाच वर्षं आधी? मग 'अ‍ॅसिड हाऊसचे जनक' वगैरे बिरुदं आली. ती उगाचच, शिकागोच्या पोरांनी सिंगांना ऐकलं होतं असं कुठे दिसत नाही. सत्तरी ओलांडलेले सिंग मात्र २०१५ साली जाण्यापूर्वी युरोपातल्या मंचांवर हेच राग वाजवून आले.