घरची बोली लॅटिन
फ्रेंच निबंधकार मोंतेन याचा जन्म १५३३ सालचा. त्याला बोल फुटण्यापूर्वीच वडिलांनी फ्रेंच न जाणणारा एक जर्मन पंडित घरी ठेविला. तो बाळाशी केवळ लॅटिनमध्येच बोले. आईवडील आणि नोकरचाकरही मुलासमोर शिकून घेतलेले चार लॅटिन शब्दच उच्चारीत. व्याकरणाचे पुस्तक नाही, छडी नाही. तरी मुलाला लॅटिन अस्खलित येऊ लागली. आसपासच्या खेड्यांतही अवजारांची लॅटिन नावे रुळली. सहाव्या वर्षी तो बोर्दोच्या शाळेत गेला आणि तेथे ती भाषा बिघडत गेली. पुढे निबंधही त्याने फ्रेंचमध्येच लिहिले. परंतु एकदा वडील मूर्च्छा येऊन त्याच्या अंगावर कोसळले, तेव्हा पहिले शब्द उमटले ते लॅटिनच. सराव सुटला की भाषा जिभेवरून उतरते. अंतःकरणातून मात्र ती जात नाही.