पंचांचा न्याय आणि प्रेक्षकांचा न्याय

सामना संपला म्हणजे खेळाडू घरीं जातात. प्रेक्षकांचा सामना मात्र त्यानंतरच सुरू होतो. ता. १८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमधील लुसैल येथें फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. ज्यांनीं जन्मांत कधीं फुटबॉलला पाय लावला नाहीं, अशीं वडीलधारीं माणसेंहि त्या रात्रीं नातवंडांच्या शेजारीं जागत बसलीं होतीं. अर्जेंटिना आणि फ्रान्स यांची तीन-तीन गोलांची बरोबरी होऊन अखेर पेनल्टीच्या फटक्यांवर अर्जेंटिना ४-२ असा विजयी झाला. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं जी चर्चा चालली, तींत मेस्सी व एम्बापे यांच्या कौशल्याचा वांटा होताच. पण पंचाच्या निवाड्यांचा वांटा त्याहून कमी नव्हता. "पहिली पेनल्टी मुळींच द्यावयास नको होती," असें एक म्हणे, "ती नको होती, तर फ्रान्सला मिळालेली तरी कां असावी?" असें दुसरा विचारी.

ही चर्चा रिकामटेकडेपणाची आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ती नीट ऐकली तर एक गोष्ट ध्यानांत येते. "पंच चुकला" एवढीच तक्रार क्वचित् असते. खरी तक्रार "त्यांना एक न्याय आणि आम्हांला दुसरा" ही असते. आपल्या एकत्र कुटुंबांतील कोणत्याहि आजीला हें सांगावयास नको. वाटणींत लाडू लहान आला म्हणून मूल रडत नाहीं. चुलतभावाच्या हातावर मोठा पडला म्हणून तें रडतें. चूक पचते, पंक्तिप्रपंच पचत नाहीं.

पंच हा प्राणी फुटबॉलच्या खेळांत आरंभापासून नव्हता. १८६३ सालीं लंडनमध्यें फुटबॉल असोसिएशन स्थापन होऊन खेळाचे नियम लिहिले गेले, तेव्हां तंटा पडल्यास दोन्ही संघनायकांनीं आपसांत मिटवावा अशीच समजूत होती. पुढें प्रत्येक पक्षानें आपापला एक पंच द्यावा अशी वहिवाट पडली. अर्थात् दोघांचें जमेना. म्हणून मैदानाबाहेर तिसरा एक तटस्थ गृहस्थ बसवावा लागला. विचारल्याखेरीज त्यानें बोलावयाचें नाहीं, असा दंडक होता. १८९१ सालीं मात्र या तिसऱ्या गृहस्थास मैदानांत आणून सर्व अधिकार त्याच्या हातीं दिले गेले व जुने दोन पंच रेषेवर उभे राहून रेषापंच झाले. पेनल्टीचा फटकाहि त्याच सालचा. आपल्या मुंबईंत रोव्हर्स कपाच्या स्पर्धेस सुरुवात झाली तीहि १८९१ सालींच. म्हणजे आपला देश या खेळांत रंगूं लागला, तो एका माणसाच्या शिट्टीवर सर्वांनीं थांबावें हा करार नुकताच झालेला असतांना. पण एका माणसास दोनच डोळे असतात, आणि मैदान सुमारें शंभर मीटर लांबीचें असतें.

या कराराची खरी परीक्षा ता. ३० जुलै १९६६ रोजीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर झाली. इंग्लंड व पश्चिम जर्मनी यांचा विश्वचषकाचा अंतिम सामना दोन-दोन अशा बरोबरीनें जादा वेळेंत गेला होता. १०१ व्या मिनिटाला इंग्लंडच्या जेफ हर्स्टनें मारलेला चेंडू आडव्या दांडीच्या खालच्या बाजूस आदळून सरळ खालीं आला व उसळून बाहेर पडला. नियम असा कीं, सबंध चेंडू सबंध रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल. स्वित्झर्लंडचे पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांना निश्चित दिसलें नव्हतें. ते धांवत रेषापंच तोफिक बहरामोव यांच्याकडे गेले. बहरामोव यांनीं होकार दिला आणि गोल झाला. शेवटच्या क्षणीं हर्स्टनें आणखी एक गोल करून सामना ४-२ असा संपवला. पण जर्मनांच्या मनांतील तंटा संपला नाहीं. दांडीवरून खालीं येणाऱ्या अशा संशयास्पद गोलास जर्मन भाषेंत 'वेम्ब्ले-गोल' असें नांवच पडलें. उलट बहरामोव यांच्या मायदेशीं, अझरबैजानांत, बाकू येथील मोठ्या क्रीडांगणास त्यांचें नांव दिलेलें आहे. पुढें १९९६ सालीं ऑक्सफर्ड विद्यापीठांतील दोघां संशोधकांनीं जुन्या चित्रफिती गणितानें तपासून चेंडू पुरता पलीकडे गेला नव्हता असें दाखवलें. तीस वर्षांनीं मिळालेल्या या निकालाचा उपयोग कोणास?

तथापि या कथेची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. सामना संपावयास एक मिनिट असतांना जर्मनीच्या वेबरनें बरोबरीचा गोल केला, त्यापूर्वीं चेंडू श्नेलिंगर या जर्मन खेळाडूच्या हातास लागला होता अशी इंग्लिश खेळाडूंची तक्रार होती. जर्मन घरांत हर्स्टचा गोल आठवतो, इंग्लिश घरांत श्नेलिंगरचा हात आठवतो. दोघांच्या आठवणी खऱ्याच आहेत. पण दोन्ही अर्ध्या आहेत.

त्याच स्पर्धेंत, ता. २३ जुलै रोजीं, याहून कडवट प्रकार घडला होता. इंग्लंड व अर्जेंटिना यांच्या सामन्यास जर्मन पंच होता. त्यानें अर्जेंटिनाचा नायक रात्तीन यास बाहेर काढलें. त्याच दिवशीं शेफील्ड येथें जर्मनी व उरुग्वे यांच्या सामन्यास इंग्लिश पंच होता. त्यानें उरुग्वेचे दोन खेळाडू बाहेर काढले. दक्षिण अमेरिकेंत हा संगनमताचाच पुरावा मानला गेला. संगनमत होतें असें आम्ही म्हणत नाहीं. पण न्याय देणाऱ्यानें संशयास जागा ठेवूं नये, एवढें शहाणपण तरी नेमणुका करणाऱ्यांनीं दाखवावयास हवें होतें. रात्तीनला पंचाचें बोलणें उमगेना आणि तो कित्येक मिनिटें मैदान सोडीना. या गोंधळांतून धडा घेऊन केन ॲस्टन या इंग्लिश गृहस्थांनीं पिवळ्या व तांबड्या पत्त्यांची युक्ति काढली, व १९७० च्या मेक्सिकोंतील स्पर्धेपासून ती रूढ झाली. या पत्त्यांनीं पंच अधिक अचूक झाला नाहीं. परंतु त्याचा निवाडा सर्वांस एकदम कळूं लागला, आणि कळलेली शिक्षा न कळलेल्या शिक्षेपेक्षां सोसावयास सोपी असते.

मग यंत्रें आलीं. तीं कां आलीं हें ता. २७ जून २०१० या एकाच दिवसावरून समजतें. दक्षिण आफ्रिकेंत ब्लोमफाँटेन येथें जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डनें मारलेला चेंडू दांडीस लागून रेषेच्या चांगला आंत पडला; पंचांनीं गोल दिला नाहीं. वेम्ब्लेची परतफेड झाली असें जर्मन रसिक म्हणाले. त्याच सायंकाळीं जोहान्सबर्गला अर्जेंटिनाच्या तेवेझनें ऑफसाइड असतांना मेक्सिकोवर केलेला गोल पंचांनीं मान्य केला. ती चूक मैदानावरील प्रचंड पडद्यावर हजारों लोकांनीं पाहिली. पण पडद्यावर पाहून निर्णय बदलण्याची मुभा एकट्या पंचांना नव्हती! ज्यास न्याय द्यावयाचा तोच तेवढा आंधळा, अशी ही अजब कचेरी होती. २०१२ सालीं गोलरेषेवरील यंत्रास मान्यता मिळाली आणि २०१८ च्या विश्वचषकांत पडद्यावर पाहून सल्ला देणारे व्हिडिओ-पंचहि आले.

आतां तरी तंटे मिटावे कीं नाहीं? ता. १५ जुलै २०१८ रोजीं मॉस्कोच्या अंतिम सामन्यांत फ्रान्स व क्रोएशिया यांची एक-एक बरोबरी असतांना चेंडू क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हातास लागला. अर्जेंटिनाचे पंच पिताना यांनीं पडद्यावर तो प्रसंग पुनःपुन्हां पाहिला व पेनल्टी दिली. हात लागला हें सर्वांस दिसलें. तो मुद्दाम लावला कीं लागला, हें कोणतें यंत्र सांगणार? शिवाय फ्रान्सचा पहिला गोल ज्या फ्री किकमधून झाला, तो ग्रीझमन आपण होऊनच पडल्यामुळें मिळाला अशी क्रोएशियाची तक्रार होती. पण फ्री किक देणें योग्य कीं अयोग्य, हें पाहण्याचा अधिकार व्हिडिओ-पंचांस नव्हता. एका प्रसंगाची बारकाईनें झडती आणि दुसऱ्याकडे दृष्टि टाकावयाचीहि मनाई! क्रोएशियाच्या रसिकांचें मन कां दुखावलें, हें समजणें अवघड नाहीं. हाताविषयींचा नियम पुढें २०१९ सालीं व पुन्हां २०२१ सालीं सुधारावा लागला. रेषेचा न्याय यंत्र करूं शकतें. हेतूचा न्याय अजून माणसालाच करावा लागतो, आणि म्हणून तो आज एक व उद्यां दुसरा असा होतो.

लुसैलच्या सामन्यांत हें दोन्ही दिसलें. १०८ व्या मिनिटाला मेस्सीनें मारलेला चेंडू फ्रेंच बचावपटूनें बाहेर फेकला, पण तो रेषा ओलांडून गेला होता. छप्पन्न वर्षांपूर्वीं ज्या प्रश्नानें दोन राष्ट्रें भांडलीं, तोच प्रश्न येथें यंत्रानें निकालांत काढला. तरी वाद उठलाच: त्या गोलाच्या वेळीं अर्जेंटिनाचे राखीव खेळाडू मैदानांत शिरले होते, म्हणून गोल रद्द व्हावयास हवा होता, असें फ्रान्समध्यें लिहिलें गेलें. त्यावर पोलंडचे पंच मार्चिनियाक यांनीं आपल्या फोनवरील एक छायाचित्र दाखवलें. एम्बापेच्या एका गोलाच्या वेळीं फ्रान्सचेहि सात राखीव खेळाडू मैदानांत होते! मात्र एवढ्यावर न थांबतां त्यांनीं आपली एक चूकहि कबूल केली: फ्रान्सचा प्रतिहल्ला चालूं असतांना आपण शिट्टी वाजवून खेळ उगीच थांबवला, असें ते म्हणाले.

हें छायाचित्र आम्हांस फार बोधप्रद वाटतें. पंचाचें माप सर्वांस सारखें असावें अशी मागणी करणें हा प्रेक्षकांचा हक्क आहे, आणि ती सोडूं नये. तिच्या दडपणामुळेंच पत्ते आले, यंत्रें आलीं, नियम सुधारले. पण तेंच माप प्रेक्षकानें आधीं स्वतःस लावावें. घरांत सामना पाहतांना मुलांमध्यें वाद झाला, तर वडील मंडळींनीं "गप्प बसा, खेळ आहे तो" असें म्हणून त्यांस उडवून लावूं नये. एवढेंच विचारावें, "दोन्ही संघांचे सदरे बदलले असते, तरी तूं हेंच म्हणाला असतास काय?" पुष्कळ वाद या एका प्रश्नानें शांत होतात. जो उरेल तो खरा वाद समजावा व मनापासून घालावा. मग लाडू वाटतांना हाच प्रश्न मुलांनीं आपणांस विचारला, तर रागावूं नये. मार्चिनियाकांप्रमाणें आपली चूक आपण कबूल करावी.