पीआरपी, जीएफसी की एक्सोसोम? गैरसमज आणि वस्तुस्थिती

लग्नाची तारीख ठरली की कपड्यांच्या खरेदीबरोबर आता स्किन क्लिनिकची अपॉइंटमेंटही घेतली जाते. कपाळावरचे केस मागे सरकू लागलेला मुलगा असो, भांग रुंदावलेली मुलगी असो किंवा मुरमांचे खड्डे बुजवावेत म्हणून आलेली तिची बहीण असो, तिथे तीन नावे हमखास कानावर पडतात: पीआरपी, जीएफसी आणि एक्सोसोम. तिन्हींचे दर चढत्या क्रमाने सांगितले जातात आणि आपण मनातल्या मनात गुणही त्याच क्रमाने लावून मोकळे होतो. निर्णय घाईत होतो, पैसे मात्र घरच्यांच्या बचतीतून जातात. म्हणून हे उपचार नेमके काय करतात आणि काय करू शकत नाहीत, हे आधी नीट समजून घ्यायला हवे.

तिन्हींच्या मुळाशी ग्रोथ फॅक्टर आहेत. एका पेशीने दुसरीला 'वाढ, दुरुस्तीला लाग' असा निरोप देण्यासाठी वापरलेली ही प्रथिने. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला तेव्हा त्यांचे डोळे नेहमीपेक्षा लवकर उघडले आणि दातही लवकर आले. त्या अर्कातूनच त्वचेच्या पेशी वाढवणारा ग्रोथ फॅक्टर सापडला. याच क्षेत्रातल्या कामासाठी कोहेन आणि रिटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल मिळाले. आपल्या रक्तात अशा प्रथिनांचा मोठा साठा प्लेटलेटमध्ये असतो. जखम झाली की प्लेटलेट तिथे जमतात, रक्त थांबवतात आणि आतला साठा मोकळा करतात. त्यानंतर दुरुस्ती सुरू होते.

गैरसमज १: तिन्ही उपचार एकच आहेत, फक्त पुढचे पुढचे मॉडेल.

वस्तुस्थिती: तिघांची कृती वेगळी, आणि तिसऱ्याचा तर उगमच वेगळा. पीआरपीसाठी हातातून साधारण १० ते २० मिलिलिटर रक्त घेतात, ते गोठू नये असे द्रव्य असलेल्या नळीत भरतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात. नळी बाहेर काढली की थर स्पष्ट दिसतात: तळाशी लाल पेशींचा गडद थर, त्यावर पांढुरकी बारीक रेघ आणि वर फिकट पिवळा प्लाझ्मा. प्लेटलेट त्या रेघेच्या आसपास दाटलेल्या असतात. तेवढा भाग घेऊन डोक्यात किंवा चेहऱ्यावर टोचतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात १.५ ते ४.५ लाख प्लेटलेट असतात. चांगल्या पीआरपीत हे प्रमाण त्या माणसाच्या रक्तापेक्षा सुमारे ३ ते ५ पट असावे लागते. नुसता पिवळा प्लाझ्मा टोचला म्हणजे पीआरपी झाली, असे नाही.

जीएफसीत रक्त तुमचेच, पण प्लेटलेटना नळीतच उत्तेजित करून ग्रोथ फॅक्टर बाहेर काढायला लावतात आणि मग पेशी बाजूला ठेवून फक्त द्रव टोचतात. पीआरपीत हा साठा त्वचेत गेल्यावर मोकळा होतो, जीएफसीत आधीच झालेला असतो.

एक्सोसोम म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेल्या, सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर आकाराच्या सूक्ष्म पिशव्या. क्लिनिकमध्ये मिळणारे एक्सोसोम सहसा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींपासून किंवा वनस्पतींपासून तयार होतात आणि बाटलीबंद येतात. तुमच्या रक्ताशी त्यांचा संबंध नसतो. म्हणून 'बाटलीत काय आहे, कुठून आले, कोणी तपासले' हे प्रश्न इथे सर्वात महत्त्वाचे.

गैरसमज २: जितका महाग, तितका गुणकारी.

वस्तुस्थिती: पुराव्यांचा क्रम दरांच्या क्रमाच्या नेमका उलटा आहे. सर्वात जास्त अभ्यास पीआरपीवर झाले आहेत. जीएफसीवरचे अभ्यास कमी आणि छोटे आहेत. माणसांवर काटेकोरपणे तपासलेला पुरावा एक्सोसोमसाठी सर्वात तोकडा आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये एक्सोसोमबद्दल लोकांना सावध करताना, असे एकही उत्पादन आपण मंजूर केलेले नाही, असे स्पष्ट सांगितले होते.

पीआरपीचा पुरावाही एकसुरी नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात पुरुषांच्या अर्ध्या डोक्यात पीआरपी आणि उरलेल्या अर्ध्यात औषध नसलेले द्रव टोचले. महिन्याच्या अंतराने तीन वेळा हे केल्यावर पीआरपीच्या बाजूला एका चौरस सेंटिमीटरमागे सरासरी ४५.९ केस वाढले. पुढच्याच वर्षी २६ स्त्रियांवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र केसांच्या मोजणीत लक्षणीय फरक आढळला नाही. रक्त किती घेतले, प्लेटलेट किती पट केल्या, किती वेळा टोचले, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते, आणि रुग्णाचा आजार कोणत्या टप्प्यावर आहे हेही. एकूण पाहता सुरुवातीच्या अनुवंशिक केसगळतीत पीआरपीचा मध्यम स्वरूपाचा फायदा अनेकांना होतो. 'हमखास' हा शब्द कोणी वापरला तर तिथेच थांबावे.

गैरसमज ३: टक्कल पडलेल्या जागी पुन्हा केस उगवतात.

वस्तुस्थिती: अनुवंशिक टक्कल एका रात्रीत पडत नाही. टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या हार्मोनमुळे केसांची मुळे वर्षानुवर्षे आकसत जातात. जाड केसाची जागा बारीक केस घेतो, मग लव उरते आणि शेवटी गुळगुळीत कातडी. मूळ आकसले असले तरी जिवंत असेल, तोवर ग्रोथ फॅक्टरचा निरोप घ्यायला तिथे कोणीतरी असते. निखारा धुगधुगत असेल तर फुंकर घालून जाळ करता येतो, राखेत फुंकून हाती काही लागत नाही. जिथे वर्षानुवर्षे चकाकणारे टक्कल आहे तिथे कोणतेही इंजेक्शन केस उगवत नाही. तिथला पर्याय केसांचे प्रत्यारोपण, तोही डोक्याच्या मागच्या भागात पुरेसे केस असतील तरच.

गैरसमज ४: एकदा हे केले की औषधे नकोत आणि काळजीही नको.

वस्तुस्थिती: ग्रोथ फॅक्टर डीएचटीला अडवत नाहीत. मूळ कारण तसेच राहते, म्हणून परिणामही ओसरतो. वर सांगितलेल्या इटालियन अभ्यासातच १२ महिन्यांनी चार जणांचे केस पुन्हा गळू लागले आणि त्यांना उपचार पुन्हा द्यावे लागले. सर्वसाधारण पद्धत अशी की महिन्याच्या अंतराने तीन-चार वेळा आणि नंतर चार-सहा महिन्यांनी एकदा. म्हणजे खर्चाचा हिशेब एका बैठकीचा करून चालत नाही, निदान दोन वर्षांचा मांडावा लागतो.

डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल अमेरिकेत १९८८ मध्ये मंजूर झाले आणि पुरुषांसाठीची फिनास्टराइडची गोळी १९९७ मध्ये. या दोन्हींमागे कितीतरी मोठा आणि जुना पुरावा उभा आहे आणि महिन्याचा खर्चही कमी. त्यांचेही दुष्परिणाम आहेत, फिनास्टराइड गर्भवतींसाठी धोक्याची आहे, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. पीआरपी किंवा जीएफसी यांची खरी जागा या औषधांच्या जोडीला आहे. 'औषधे बंद करा, आमची इंजेक्शने पुरेशी आहेत' हा सल्ला रुग्णाच्या हिताचा नाही.

गैरसमज ५: केस गळताहेत म्हणजे लगेच इंजेक्शने घ्यावीत.

वस्तुस्थिती: आधी केस का गळताहेत ते शोधावे लागते. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक आहे. डेंग्यू, टायफॉइड, कोविड, मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झटपट वजन घटवणे, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने हातात येऊ लागतात. शरीरावर ताण आला की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि ती अवस्था सुमारे तीन महिन्यांची असते, म्हणून हा उशीर. अशी गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबते. या काळात इंजेक्शने घेतली तर निसर्गाने दिलेल्या केसांचे श्रेय त्यांच्या खात्यात जमा होते.

थायरॉइड बिघडला असेल किंवा अंगात लोह कमी असेल, तर त्यावर उपचार करायचे. आपल्याकडे अनेक स्त्रिया वर्षानुवर्षे रक्त कमी असतानाच घर आणि नोकरी ओढत असतात. त्यांचे हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन न तपासता पीआरपी सुरू करणे चूकच आहे. 'चाई' पडली असेल, म्हणजे नाण्याएवढा गोल चट्टा झाला असेल, तर आजारच निराळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि पहिला उपचार सहसा स्टेरॉइडचा असतो.

गैरसमज ६: चेहरा गोरा होतो, सुरकुत्या जातात, आणि तेच काम सीरमही करते.

वस्तुस्थिती: त्वचेत ग्रोथ फॅक्टरचे काम फायब्रोब्लास्ट या पेशींना कोलॅजन बनवायला लावण्याचे. मुरमांच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंगबरोबर, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याबरोबर, पीआरपी दिली तर नुसत्या मायक्रोनीडलिंगपेक्षा काहीसा अधिक फायदा अनेक अभ्यासांत दिसला आहे. बारीक रेषा आणि त्वचेचा पोत थोडा सुधारतो. खोल सुरकुत्या किंवा लोंबलेली कातडी यांवर त्याचा फारसा उपयोग नाही. रंग उजळण्याचा हा उपचार नव्हे. वांग असेल तर रोज सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेले क्रीम हाच पाया आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर सुया चुकीच्या पद्धतीने वापरल्या तर डाग उलट वाढू शकतात.

ग्रोथ फॅक्टरच्या सीरमबद्दल एक साधे गणित लक्षात ठेवावे. धडधाकट त्वचेतून आत जाण्यासाठी रेणूचे वजन साधारण ५०० डाल्टनच्या आत लागते. कोहेन यांनी शोधलेल्या ग्रोथ फॅक्टरचे वजन आहे सुमारे ६,००० डाल्टन. अशा बाटलीवर हजारो रुपये घालण्याआधी सनस्क्रीन आणि रेटिनॉइड यांचा विचार करावा. उन्हाने होणारे नुकसान आणि सुरकुत्या यांबाबत त्यांचा पुरावा भक्कम आहे.

गैरसमज ७: आपलेच रक्त आहे, मग धोका कसला?

वस्तुस्थिती: रक्त आपले असले तरी सुई, नळी आणि हात दुसऱ्याचे असतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात परवाना नसलेल्या एका स्पामध्ये पीआरपीचे फेशियल घेतलेल्या तीन स्त्रियांना तिथेच एचआयव्हीची लागण झाल्याचा निष्कर्ष त्या देशाच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये मांडला. तपासणीत स्वयंपाकाच्या फ्रिजमध्ये अन्नाशेजारी नावाची चिठ्ठी नसलेल्या रक्ताच्या नळ्या सापडल्या होत्या. उपकरणे निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्ह तिथे नव्हताच. हा धोका पीआरपीचा नव्हे, निष्काळजीपणाचा होता, आणि निष्काळजीपणा कोणत्याही शहरात घडू शकतो.

टोचल्यावर थोडी सूज, दुखणे, एक-दोन दिवस डोके जड होणे, हे सामान्य. डोळ्यांभोवती आणि भुवयांच्या मध्ये टोचताना द्रव रक्तवाहिनीत गेल्याने दृष्टी गमावल्याच्या क्वचित नोंदी आहेत, म्हणून हे काम प्रशिक्षित हातांचेच. प्लेटलेट कमी असतील, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, टोचायच्या जागी संसर्ग असेल, कर्करोग असेल किंवा गर्भारपण असेल तर ते आधी सांगायलाच हवे. अशा स्थितीत हे उपचार बहुधा टाळले जातात.

मग निवड कशी करावी? उपचाराचे नाव ठरवण्याआधी निदान विचारा. टोचणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन आहे का, मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, ते पाहा. रक्त तुमच्यासमोर काढून नळीवर तुमचे नाव लिहा म्हणा. सुई आणि किट तुमच्यासमोर उघडायला सांगा. पहिल्या बैठकीआधी एकाच प्रकाशात, एकाच कोनातून फोटो काढून घ्या आणि सहा महिन्यांनी त्याच फोटोशी तुलना करा. एकदम दहा बैठकांचे पॅकेज भरू नका. एक्सोसोम सुचवले तर बाटलीवरचा मजकूर वाचा. ते वरून लावण्याचे प्रसाधन असेल तर ते टोचून घेऊ नका.

या उपचारांना बदनाम करण्याचे कारण नाही. योग्य माणसाला, योग्य टप्प्यावर, औषधांच्या जोडीला पीआरपी किंवा जीएफसी खरी मदत करतात. पण पंचविशीतल्या मुलामुलींच्या मनात केसांवरून जो न्यूनगंड असतो, त्याचा फायदा घेऊन कोणी हमी विकू नये आणि आपणही ती विकत घेऊ नये. योग्य निदान, पुरावा असलेली औषधे आणि धीर, एवढे आधी जमवावे. इंजेक्शनचा निर्णय त्यानंतर, शांतपणे घ्यावा.